रोवणीच्या ओळीतली मधली जागा

माय,

तुला वाचता येत नव्हते, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिले नाही. नागपूरच्या वसतिगृहातून माझी पत्रे बाबांच्या नावाने सिहोऱ्याला येत, आणि शेवटी 'तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार' एवढे एक वाक्य तुझ्या वाट्याला असे. बाबा ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवत. 'आई कोन व्हय? मी त माय आहो,' असे तू एकदा म्हणालीस आणि शेजारच्या काकूंसकट साऱ्या बाया हसत सुटल्या, हे मला बाबांनीच पुढे सांगितले. मला ते हसणे आवडले नव्हते. शुद्ध बोलणे आणि शुद्ध लिहिणे ही त्या वयात मी स्वतः कमावलेली एकमेव गोष्ट होती, आणि तिला कोणी हसावे हे मला सहन होत नसे. आज मी ऐंशीच्या जवळ आलो आहे, भंडाऱ्याच्या घराच्या पडवीत सकाळच्या उजेडात बसलो आहे, आणि 'माय' हा शब्द पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे. लिहून झाल्यावर मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. त्यात अशुद्ध काहीच नाही.

श्रावण चालू आहे. रोवणी संपत आली असेल. धान कसे रोवतात हे मी पुढे परगावच्या मित्रांना फार अभिमानाने समजावून सांगत असे: बांधी म्हणजे मातीच्या बांधांनी, आमच्याकडच्या धुऱ्यांनी, बांधून काढलेला शेताचा तुकडा, त्यात पोटरीभर चिखल, बायांची एक लांब ओळ, प्रत्येकीच्या डाव्या हातात पऱ्ह्याची, कोवळ्या धानरोपांची, पेंडी, आणि सगळ्या जणी वाकून, रोप खोवत खोवत, एक एक पाऊल मागे सरकत जातात. हे सांगताना मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना, धुऱ्यालगत, चपळ हाताच्या बाया उभ्या राहतात, कारण टोक मागे पडले की ओळ वाकडी होते. मध्ये असतात नव्या सुना, म्हाताऱ्या आणि हळू हाताच्या. तुझा हात आपल्या टोलीत सर्वांत चपळ होता. तरीही तुझी जागा कायम मध्ये. तुझ्या उजवीकडे काकू, डावीकडे सुताराची बायको, आणि या दोघींच्या मधल्या जागेत नवखी बाई चुकून शिरली तर तिला हाताला धरून बाजूला काढले जाई. 'राणीले मधात घ्या वो, राणीले,' असे काकू ओरडत, आणि तू चिखलाची पेंडी त्यांच्या पाठीवर फेकून मारत असस. तुला तिथे का उभे करतात हे कोणीही कधी उघड बोलले नाही. तुझ्या आजाराला त्या नावही देत नसत. 'तिले आली,' एवढेच म्हणत, जणू एखादी पाहुणी यावी.

मी एकदा ते प्रत्यक्ष पाहिले आहे. शाळेला सुट्टी होती आणि मी बाबांची भाकर घेऊन बांधीवर आलो होतो. बाया गात होत्या. तुझा हात आधी थांबतो, मग मान डावीकडे वळते, आणि पेंडी चिखलात पडते. गाणे थांबत नाही. काकू आणि सुताराची बायको तुला दोन्ही बगलांत धरून उचलतात, तुझे तोंड आभाळाकडे करतात, धुऱ्यावर नेऊन कुशीवर निजवतात. काकू तिथेच बसतात, दुसरी परत ओळीत जाते. कोणी कांदा हुंगवत नाही, कोणी चप्पल नाकाला लावत नाही. चिखलात कोणाच्याच पायात चप्पल नव्हती, हेही त्याचे एक कारण असेल. थोड्या वेळाने तू उठून बसतेस, लुगडे सारखे करतेस, 'किती झाली वो बांधी?' असे विचारतेस, आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहतेस. तुझ्या वाट्याचा पट्टा दोघींनी दोन बाजूंनी हात लांबवून रोवून टाकलेला असतो, त्यामुळे ओळीत कुठेही खंड दिसत नाही. मी भाकर धुऱ्यावर ठेवली आणि पळत घरी आलो. मला भीती वाटली असे मी पुढे अनेकांना सांगितले. ती भीती नव्हती. ती लाज होती.

वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी तुझ्यासाठी गोळ्या घेऊन गावी आलो ते दिवस मला आठवतात, आणि आठवायला नको असतात. माझ्या प्राध्यापकांना मी तुझी लक्षणे सांगितली होती, अर्थात 'गावातील एक स्त्री' म्हणून; आणि त्यांनी फेनोबार्बिटोन लिहून दिले होते. गोळ्यांचा गुण आला, हे खरे आहे. पुढच्या सुट्टीपर्यंत तुझे झटके पुष्कळ कमी झाले होते. पण मी तेवढ्यावर थांबणारा नव्हतो. त्या सुट्टीत रोवणीचे दिवस तोंडावर आले होते, घरामागच्या सांदवाडीत पऱ्हे उपटण्याच्या गप्पा चालल्या होत्या, काकू तुला हाक मारायला आल्या होत्या, आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून, बाबांच्या देखत, माझ्या आयुष्यातले पहिले वैद्यकीय भाषण केले. अपस्माराच्या रुग्णाने पाणी, विस्तव आणि उंची यांपासून दूर राहावे, असे पाठ्यपुस्तकात आहे. म्हणून तू बांधीत उतरायचे नाही, चुलीपाशी बसायचे नाही, माळ्यावर चढायचे नाही. बाबा मान हलवत राहिले. मुलगा शिकलेला होता.

तू विचारलेस, 'मंग मी राहू कोठी?'

मी म्हणालो, 'घरी.'

काकूंना राहवले नाही. त्या पायरीवर उभ्या होत्या, लुगडे रोवणीसाठी वर खोचलेले होते. म्हणाल्या, 'बापू, ते आमच्या मधात असते ना. इतके वर्स झाले, आमी पडू देल्लं का तिले?'

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी आधी त्यांचे व्याकरण सुधारले. बाईमाणसाला 'ते' म्हणत नाहीत, 'ती' म्हणतात, असे सांगितले. आणि मग विचारले की तुम्ही डॉक्टर आहात काय. काकूंनी तुझ्याकडे पाहिले. तू त्यांच्याकडे पाहिले नाहीस. त्या निघून गेल्यावर तू मला एवढेच म्हणालीस की मोठ्या माणसाशी असे बोलू नये, आणि ते बोलताना तुझ्या आवाजात राग होता तसे आणखीही काही होते. ते काय होते हे मला फार उशिरा कळले. तुला माझा अभिमान वाटत होता. ज्या मुलाच्या तोंडून असले मोठे शब्द निघतात त्याचे ऐकले पाहिजे, असे तू त्याच क्षणी ठरवून टाकले होतेस.

आणि तू ऐकलेस. त्या हंगामात बाया रोज सकाळी बोळातून जाताना हाक मारत, 'येतेस का वो?' आणि तू दारात उभी राहून सांगत असस, 'डाक्टर नाई म्हनते.' कोण डॉक्टर असे त्या मुद्दाम विचारत, म्हणजे मग तुला सांगता यावे: 'माह्या घरचाच आहे.' हा रोजचा खेळ होता, असे बाबा सांगत. मी त्या वेळी नागपुरात होतो आणि बाबांच्या पत्रातून ही हकिकत वाचून खूश झालो होतो. तुझ्या ऐवजी त्या वर्षी मधल्या जागेत कोण उभी राहिली हे मी विचारले नाही. कोणी उभी राहिली नाही, हे मला नंतर कळले. काकू आणि सुताराची बायको यांनी आपल्यामध्ये एक माणूस मावेल एवढे अंतर ठेवले आणि हंगामभर ते दोन बाजूंनी रोवून काढले. हाकेला तू एखाद्या दिवशी 'येतो' म्हणशील अशी त्यांची कल्पना होती.

रोवणीच्या दिवसांत आपले गाव दुपारी कसे असते हे तुला मी काय सांगू. म्हातारी माणसेही पेंड्या पोचवायला बांधीवर असतात. बोळात कुत्रे आणि कोंबड्या. एका तिसऱ्या प्रहरी बाबा बैल घेऊन परतले आणि त्यांनी तुला हाक मारली. तू खाटेवर होतीस. पालथी होतीस. तोंड गोधडीत होते. जवळ पाणी नव्हते, चूल तर सकाळीच काकूंच्या सुनेने पेटवून विझवली होती, आणि खाटेची उंची ती काय. मी सांगितलेले सगळे तू अक्षरशः पाळले होतेस.

मी पोचलो तेव्हा काकू तुझ्या पायांशी बसल्या होत्या. त्यांच्या नखांत अजून चिखल होता. त्या मला काही वाईट बोलतील अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना त्यांनी बोलावे अशी इच्छा होती. त्या म्हणाल्या, 'आवाज आला असता त आलो असतो, बापू. पन आमी समद्या बांधीत होतो ना.' बस, एवढेच. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. मी सुट्टीत येई तेव्हा त्या मला पाहून पदर सावरत आणि 'बरा आहे ना, डाक्टर?' असे विचारत. 'बापू' म्हणणे त्यांनी सोडले होते.

पुढचे सगळे जगाला ठाऊक आहे, म्हणजे जेवढ्या जगाला माझ्याशी कर्तव्य आहे तेवढ्याला. मी मेंदूचे वैद्यक शिकलो, त्यात अपस्मार निवडला, दक्षिणेत राहून पदवी घेतली आणि नागपूरला परतलो. माझ्या तरुणपणी मेंदूचा विद्युत-आलेख काढणारे यंत्र एका खोलीएवढी जागा अडवी, आणि त्याचे शाईचे काटे कागदावर खरखरत धावत. त्या रेषा वाचण्यात माझा हातखंडा होता. मोहाडी, तुमसर, साकोली या बाजूंना मी शिबिरे भरवली. रुग्णाला भगताकडे नेणाऱ्या बापांवर ओरडलो. 'मिरगी' म्हणणाऱ्यांना 'अपस्मार' म्हणायला लावले. माझे विद्यार्थी मला मागे 'शुद्धलेखन' म्हणत, हे मला माहीत होते, आणि खरे सांगायचे तर मला ते नाव आवडे. केसपेपरवरचे त्यांचे मराठी मी लाल शाईने दुरुस्त करत असे. रुग्णाचा प्राण वाचला तरी ऱ्हस्व-दीर्घ वाचलेच पाहिजेत, असे मी वर्गात म्हणत असे, आणि मुले हसत. मुलांचे हसणे मला चालत असे. त्यांना डॉक्टर व्हायचे होते आणि मी डॉक्टर होतो.

निवृत्तीनंतर भंडाऱ्यात माझा सत्कार झाला. एका वक्त्याने सांगितले की डॉक्टरांच्या मातोश्रींना हा विकार होता आणि मातृऋण फेडण्यासाठी त्यांनी आपले आयुष्य या एका आजाराला वाहिले. टाळ्या पडल्या. मी मान लववून हार घेतला. असे मी कोणालाही सांगितले नव्हते. लोकांनी ते आपसूक जुळवले होते, आणि मी ते मोडले नाही. एखादी गोष्ट खोटी नसणे आणि खरी असणे यांत केवढे अंतर असू शकते हे मला त्या हारामध्ये समजले. त्याच्या फुलांचा वास मला दोन दिवस येत राहिला.

पण माझा खरा गुन्हा तो हार नव्हे, माय, आणि ओसरीवरचे ते भाषणही नव्हे. त्या भाषणाच्या वेळी मी पोरगा होतो आणि पुस्तकात जे होते ते बोललो. त्यानंतरचे सांगतो. 'पाणी, विस्तव आणि उंची यांपासून दूर राहावे,' हे वाक्य मी आयुष्यभर प्रत्येक रुग्णाला सांगितले. ते नेटके होते, खेड्यातल्या माणसाच्याही लक्षात राहत असे. माझ्या जुन्या रुग्णांची मुले ते कवितेसारखे म्हणून दाखवत. नोकरीच्या मध्यावर केव्हातरी, महाविद्यालयाच्या वाचनालयात, मी एका परदेशी नियतकालिकात वाचले की या आजाराने एकाएकी मरणारी पुष्कळ माणसे अंथरुणात मरतात, पालथी असतात, आणि एकटी असतात. जवळ कोणी असले, त्याने वेळीच कुशीवर वळवले, हलवले, तर कित्येक वेळा ती वाचू शकतात. मी ते नियतकालिक मिटले आणि जागेवर ठेवले. माझ्या वाक्यात चौथा शब्द घालायला हवा होता. एकटेपण. पाणी, विस्तव, उंची आणि एकटेपण. एवढेच करायचे होते. ते मी केले नाही. वर्षानुवर्षे केले नाही. रुग्णांना एकटे ठेवू नका असे सांगण्याचे काम मी सहायकांकडे सोपवले. ते सांगत असतील, नसतील. माझ्या तोंडून ते निघत नसे, कारण ते निघाले की मला तुझी खाट दिसे, आणि समोर बसलेल्या माणसाला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल असे वाटे. माझ्या त्या तीन शब्दांनी किती बायांना शेतातून, विहिरीवरून, शेजारणींमधून उठवून रिकाम्या घरात नेऊन बसवले असेल, याचा विचार मी करत नाही. करत नाही असे म्हणतो.

आता साकोलीचे सांगतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलो आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे तिथे महामार्गालगत रुग्णालय आहे. महिन्यातून एकदा मी तिथे जातो, फी न घेता रुग्ण पाहतो, आणि माझा विद्यार्थी मला चहा पाजून मोटारीत बसवून देतो. रोवणी सुरू होण्याच्या आधीच्या खेपेला एक सासू-सून आल्या. जवळच्याच गावच्या. सुनेला मी वर्षभरापूर्वी पाहिले होते, औषध सुरू केले होते, आणि अर्थातच माझे वाक्य सांगितले होते. औषध ती नेमाने घेत होती; होळीपासून एकही झटका नव्हता. मला समाधान वाटले. तेवढ्यात माझे लक्ष तिच्या पायांशी ठेवलेल्या गाठोड्याकडे गेले. जुन्या लुगड्यात बांधलेले कपडे होते, वर एक आरसा खोचलेला होता.

ते काय आहे असे मी विचारले. सासूने सांगून टाकले. इथून निघाले की ती सुनेला आंधळगावच्या गाडीत बसवून देणार होती. आंधळगाव हे सुनेचे माहेर. माहेरच्यांनी लग्नात आजार लपवला होता, ते एक. पण त्याचा राग केव्हाच ओसरला होता असे तिच्या बोलण्यावरून दिसले. अडचण निराळी होती. तिने माझे वाक्य मलाच म्हणून दाखवले, अगदी शुद्ध, एक काना-मात्रा न चुकता: 'पाणी, विस्तव आणि उंची यांपासून दूर राहावे.' मग आपल्या भाषेत म्हणाली, 'बराबर ना, साहेब? तुमीच सांगतलं. रोवन्याले नाई, चुलीपासी नाई, नदीवर नाई. पोरगा नागपुरात कामाले. आमी समदे जाऊन राहिलो बांधीत, अन् हे दिवसभर घरात एकटी. मंग मी हिले ठेवू कायले? हरद-कुंकू लावून पूजू का?'

सून मान खाली घालून बसली होती. तिच्या बोटांशी तिचा पदर होता. ती म्हणाली, 'मले रोवता येते, साहेब. मी चांगली रोवतो.'

'चूप वो,' सासू म्हणाली. पण त्या 'चूप'मध्ये दम नव्हता. मग मलाच समजावत म्हणाली की पोरगी कामाची आहे, हात चालतो, आवाज करत नाही. पण उद्या एकटी घरात काही झाले तर तिचे मायबाप येऊन कोणाची मानगूट धरतील? ती माझ्या वाक्याला घाबरलेली होती. ती दुष्ट नव्हती. बाबाही दुष्ट नव्हते.

खोलीत माझा विद्यार्थी होता, दाराबाहेर रांग होती. मला स्वतःचा आवाज ऐकू आला. मी म्हणालो की तिला रोवणीला पाठवा. पण मध्ये उभी करा. तिच्या दोन्ही बाजूंना रोज त्याच दोन बाया असू द्या, तिला ओळखणाऱ्या. त्यांना आधी सांगून ठेवा. आली तर तोंड चिखलातून वर काढायचे, धुऱ्यावर नेऊन कुशीवर निजवायचे, शुद्धीवर येईतो जवळ बसायचे. गोळी चुकली असेल किंवा झोप झाली नसेल त्या दिवशी नेऊ नका. आणि घरात, दुपारी असो की केव्हाही, तिला एकटी झोपू देऊ नका. हे शेवटचे वाक्य मी उच्चारले तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने कागदावरून डोळे वर केले. माझ्या तोंडून त्याने ते कधी ऐकले नव्हते.

सासूला माझे बोलणे पटले नाही. दोन बायांना सांगायचे म्हणजे गावभर होईल, असे ती म्हणाली. होऊ द्या, असे मी म्हणालो. गावाला कळले तरच गाव तिला उचलील. 'अन् चिखलात मेली त?' तिने विचारले. मी सांगितले की धोका आहे, तो नाही असे मी म्हणणार नाही. पण रिकाम्या घरात तो अधिक आहे. गाठोड्यातला आरसा तिने पायाने थोडा आत सारला. मग माझ्याकडे सरळ पाहून तिने विचारले:

'साहेब, तुमच्या घरची असती, त तुमी धाडली असती का?'

माझी भाषा मला अशा वेळी कधी सोडून जात नाही. एखादे उत्तर टाळायचे असेल तर त्यासाठी लागणारी सारी वाक्यरचना माझ्यापाशी आहे: प्रत्येक रुग्णाची परिस्थिती भिन्न असते, वैद्याने वैयक्तिक मत देऊ नये, इत्यादी. मी तोंड उघडले. माझ्या तोंडून निघाले, 'हो बाई. धाडलो असतो.'

असे मी कधी बोललो नव्हतो; लहानपणी बोलत असेन. सासूला त्यात वेगळे काही वाटले नाही. तिच्या गावात असेच बोलतात. तिने एकदा सुनेकडे पाहिले, मग गाठोडे स्वतः उचलून काखेत मारले. 'चाल,' ती म्हणाली, 'आंधळगावले नंतर जाजो, राखीले. आता घरी चाल. लाखनीवालीच्या सुनेले अन् तुह्या मोठ्या जावेले सांगा लागन.' सुनेने मला नमस्कार केला. खिडकीतून मला त्या दोघी महामार्ग ओलांडताना दिसल्या. सासूने तिचा दंड धरला होता, गाड्यांसाठी की आणखी कशासाठी, ते कळत नव्हते.

तेव्हापासून मी वाट पाहतो आहे. या महिन्यात अजून माझी साकोलीची खेप झालेली नाही. विद्यार्थ्याला फोन करून विचारता येईल. मी केलेला नाही. ती सून या घटकेला कुठल्यातरी बांधीत दोन बायांच्या मध्ये वाकलेली असेल, आणि तिला काही झाले तर ते माझ्या शब्दाने झालेले असेल; आणि काही झाले नाही तर तेही. मला याची सवय असायला हवी होती. वैद्य असेच जगतो. पण आजवर मी 'नको' म्हणून जगलो, आणि 'नको'ने कोणी मेले तर त्याचा दोष वैद्यावर येत नाही. हे मला सर्वांत चांगले ठाऊक आहे.

विद्यार्थ्याने त्या दिवशी मोटारीत बसवून देताना मला विचारले की सर, ओळीत मध्ये उभे करण्याची ही पद्धत तुम्हांला कुठे आढळली. मी म्हणालो, जुनी आहे, आमच्या भागात होती. त्याने ती लिहून घेतली.

हे पत्र मी पाठवणार नाही. ते कुठे पाठवावे याचा पत्ता कोणापाशीच नाही, आणि काकूही आता नाहीत की त्यांना वाचून दाखवावे. संपवण्यापूर्वी एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्या बाईला मी 'हो' म्हणालो ते खोटे होते, हे तुला कळले असेलच. तुझ्या बाबतीत मी काय केले ते तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे? पण ते त्याहूनही खोटे होते. सकाळपासून मी स्वतःला विचारतो आहे की एवढे सगळे शिकून, एवढे सगळे पाहून, आज तू लुगडे खोचून माझ्या या दारात उभी राहिलीस आणि बोळातून काकूंची हाक आली, तर मी तुला जाऊ देईन का. माय, मी तुझा हात धरून ठेवीन. मी पुन्हा 'घरी' असेच म्हणेन. ती सून दुसऱ्याची होती, म्हणून मला हो म्हणता आले.